थ्री-स्टेप झिगझॅग मशीन : चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

कोल्हापुरात शाहूपुरीतील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचे एक लहान लेबल चालवते. डिझाइन, पॅटर्न, कापणी आणि प्रत्येक नव्या मापाचा पहिला नमुना मी स्वतः करते. पुढचे शिवणकाम दोन कारागीर स्त्रिया चार मशीनवर करतात. या चारपैकी एक ओव्हरलॉक आहे, दोन साधी एकसुई मशीन आहेत आणि चौथे थ्री-स्टेप झिगझॅग आहे. पहिल्या तिन्हींविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, कारण ती गारमेंटच्या कोणत्याही कारखान्यात दिसतात आणि कोणताही मेकॅनिक ती दुरुस्त करून देतो. चौथ्याविषयी मात्र ते विकत घेण्यापूर्वी मला मराठीत चार ओळीही वाचायला मिळाल्या नव्हत्या, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

माझे मशीन सप्टेंबर २०२१ मध्ये घेतलेले, वापरलेले आणि जपानी बनावटीचे आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. याच रचनेची मशीन जपानी आणि चिनी अशा अनेक कंपन्या काढतात आणि मी पुढे जे गुणदोष सांगणार आहे ते बहुतांशी त्या रचनेचे आहेत.

झिगझॅग म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा पिको-फॉल आठवतो. मशीन वर चढवले त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी दोन साड्या घेऊन आल्या आणि "पिको करणार नसाल, तर एवढं मोठं मशीन घेतलं कशाला?" असे त्यांनी अगदी मनापासून विचारले. (एका साडीला मी पिको करून दिला. तो बरा झाला नाही.) पिकोच्या मशीनमध्ये सुई डावीकडून उजवीकडे एका उडीत जाते आणि एका उडीत परत येते. थ्री-स्टेपमध्ये तेवढेच अंतर ती तीन छोट्या टाक्यांत चालत जाते आणि तीन टाक्यांत परतते, त्यामुळे कापडावर तुटक रेघांनी काढलेल्या नागमोडी ओळीसारखी टीप दिसते. वहिनींना हा फरक समजावून सांगताना मला जेवढा वेळ लागला, त्याहून थोडा अधिक वेळ येथे घेते, कारण सगळ्या खर्चाचे समर्थन या फरकात आहे.

तालमीतला लंगोट सरळ टिपेने शिवला जातो आणि वर्षानुवर्षे टिकतो. खणाची चोळीही सरळ टिपेचीच असते. दोन्हींचे कापड ताणा-बाण्याचे, म्हणजे न ताणले जाणारे असते आणि दोन्ही अंगावर बसतात त्या बांधण्यामुळे किंवा गाठीमुळे. ब्रेसियरचा घेर यापेक्षा वेगळा असतो. पाठीमागचे पंख पॉवरनेटचे, म्हणजे घट्ट ताणल्या जाणाऱ्या जाळीचे, खालची कड इलॅस्टिकची, आणि छातीचा बहुतेक भार खांद्यावरच्या पट्ट्यांपेक्षा हा घेरच पेलतो, म्हणून तो अंगाभोवती सतत ताणलेल्या अवस्थेत असतो. अशा कापडावर सरळ टीप मारली, तर कापड ताणले जाते आणि दोरा ताणला जात नाही. मग हूक लावता लावता कुठेतरी बारीक 'टक्' असा आवाज येतो आणि ती टीप तेथून उसवत जाते. साधा झिगझॅग हा प्रश्न सोडवतो, पण रुंद ठेवला की दोन टोकांमधला लांब दोरा कापडाला आत खेचून मध्ये पन्हळ उभी करतो, आणि तीच पन्हळ उन्हाळ्यात त्वचेला काचते. थ्री-स्टेपमध्ये तो लांब दोरा मध्येच दोनदा कापडाला खिळलेला असल्यामुळे टीप सपाट बसते आणि तरीही ताण घेते.

झिगझॅग टाक्याचे पेटंट हेलन ब्लँचार्ड या अमेरिकन बाईंनी १८७३ मध्ये घेतले होते, आणि स्पॅन्डेक्सचा धागा, ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो, तो १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. म्हणजे ज्या धाग्याशिवाय आजची ब्रेसियर उभी राहत नाही, त्याच्या पंचाऐंशी वर्षे आधी त्याला लागणारा टाका तयार होता.

मशीन घेण्याआधी पावणेदोन वर्षे मी हेच काम घरगुती मशीनवर केले. घरगुती मशीनमध्येही थ्री-स्टेपचा टाका असतो आणि ज्यांना महिन्याला दहा-बारा नगच शिवायचे आहेत, त्यांनी त्यावरच थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या अडचणी दोन होत्या. एका नगाच्या इलॅस्टिकच्या कामाला चाळीस मिनिटे जात आणि तिसऱ्या-चौथ्या नगानंतर मोटार इतकी तापे की अर्धा तास पंख्याखाली ठेवावी लागे. नव्या मशीनवर तेच काम अठरा-वीस मिनिटांत होते आणि मोटार थंड राहते. टेबल, स्टँड आणि मोटार धरून मला ते ५२,००० रुपयांना पडले. मिनिटाला ५,००० टाके हा त्याचा कागदावरचा वेग आहे. आम्ही त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर चालवतो, कारण त्यापुढे हाताला इलॅस्टिक सांभाळता येत नाही.

त्या हाताबद्दल सांगितलेच पाहिजे. मोठ्या कारखान्यात इलॅस्टिक मोजून सोडणारे यंत्र मशीनवर बसवलेले असते. आमच्याकडे ते नाही. चौतीसच्या घेराची खालची कड लावायची असेल, तर इलॅस्टिक कापडापेक्षा साधारण दहा टक्के आखूड कापायचे, दोन्हींचे चार सारखे भाग करून खडूने खुणा करायच्या आणि खुणेला खूण मिळवत पुढे जायचे. पहिली टीप साध्या झिगझॅगची असते. त्या वेळी इलॅस्टिकची मखमली बाजू वर आणि नक्षीची कड आतल्या बाजूला असते. मग इलॅस्टिक आत दुमडून वरून थ्री-स्टेपची दुसरी टीप घालायची. उजवा हात फूटच्या (कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाच्या) पुढे, डावा हात फूटच्या मागे, आणि दोन्ही हातांनी सारखाच ताण ठेवायचा. मागच्या हाताने जरा जास्त ओढले की सुई वाकते आणि प्लेटवर आपटते. पुढच्या हाताने जास्त ओढले की त्या चतुर्थांशात चुण्या पडतात. या टिपेला हात बसायला आमच्या आक्कांना, ज्यांनी त्याआधी पंधरा वर्षे ब्लाउज शिवले होते, सव्वा महिना लागला. मशीनच्या किमतीत हा सव्वा महिना धरावा.

पहिली मोठी तक्रार टाका सुटण्याची. सुती कापडावर मशीन सुरेख चालत होते आणि पॉवरनेट घातले की दर सात-आठ टाक्यांनंतर एक टाका सुटे, तोही नेहमी डाव्या टोकाला. लक्ष्मीपुरीतून बोलावलेल्या मेकॅनिकमामांनी पहिल्या भेटीत टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, बदलले, दुसऱ्या भेटीत सुई बदलली आणि तिसऱ्या भेटीत चहा संपवून सांगितले, "मशीन बिघडलेलं न्हाई ताई, तुमचं कापडच नाटकी हाय." मला तेव्हा राग आला होता, पण त्यांचे निम्मे म्हणणे बरोबर होते. सुई तळाला जाऊन किंचित वर येते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा एक फुगवटा तयार होतो, आणि नेमक्या त्या क्षणी शटलचे, म्हणजे बॉबीनभोवती फिरणाऱ्या भागाचे, टोक त्यात शिरले तरच टाका बसतो. साध्या मशीनमध्ये सुई एकाच जागी उतरते, त्यामुळे ही वेळ एकदा जुळवली की काम संपते. झिगझॅगमध्ये सुई कधी डावीकडे, कधी उजवीकडे उतरते. शटलचे टोक तिला एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला नंतर गाठते, म्हणून टायमिंग दोन्ही टोकांचा मेळ घालून लावावे लागते. सुती कापड यात थोडे इकडेतिकडे चालवून घेते. पॉवरनेट मात्र सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचलले जाते, फुगवटा नीट तयारच होत नाही आणि टायमिंगमधली बारीकशी चूकही उघडी पडते. मामांनी चौथ्या भेटीत डावे टोक धरून टायमिंग नव्याने लावले, तेव्हा टाका सुटणे बरेच कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही.

उरलेला दोष सुईखालच्या प्लेटमध्ये होता. हे मशीन दहा मिलिमीटर रुंदीपर्यंत झिगझॅग घालते, त्यामुळे प्लेटची खाचही तेवढीच रुंद असते. आम्ही सहा मिलिमीटरच्या पुढे कधी जात नाही. रुंद खाचेत जाळी सुईबरोबर खाली दबते आणि वर येताना पुन्हा उचलली जाते. अरुंद खाचेची प्लेट मागवली, तर मुंबईहून सहा आठवडे आणि बरीच मोठी रक्कम सांगण्यात आली. तेव्हा मी मूळ प्लेट रुमालात गुंडाळली आणि उद्यमनगरला, शहरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, गेले.

कोल्हापुरात राहण्याचा या धंद्याला जो काही फायदा आहे, तो मला त्या दिवशी कळला. कापडाच्या बाबतीत हा जिल्हा माझ्या फारसा उपयोगाचा नाही. इचलकरंजीचे माग काय किंवा १९०६ ची शाहू मिल काय, येथली सगळी परंपरा ताणा-बाण्याच्या सुती कापडाची, आणि मला लागणारी जाळी, इलॅस्टिक, रिंगा व हूकपट्ट्या बाहेरूनच आणाव्या लागतात. पण ऑइल इंजिने आणि फौंड्रीचे सुटे भाग करण्यात हयात गेलेली माणसे येथे एका रिक्षाच्या अंतरावर आहेत. वायरकटच्या, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणाऱ्या, कारखान्यातल्या दादांनी प्लेट व्हर्नियरने मोजली आणि काम कशाचे आहे असे विचारले. मी पिशवीतून ब्रेसियरचा पाठीमागचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. बाजारात हीच वस्तू पुरुष विक्रेत्याकडे मागताना बायकांचा आवाज आपोआप खाली येतो आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते, येथे दादांनी ती दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि "ह्याच्यावर भार किती येतो?" एवढेच विचारले. साडेसहा मिलिमीटर खाचेची प्लेट टूल स्टीलमध्ये पाच दिवसांत तयार झाली. पहिल्या तासाभरात तिने तीन वेळा दोरा तोडला, कारण खाचेच्या कडा धारदार राहिल्या होत्या. पॉलिशची पेस्ट लावलेला जाड दोरा त्या खाचेतून अर्धा तास मागेपुढे ओढून आम्ही त्या गुळगुळीत केल्या. त्यानंतर पॉवरनेटवर टाका सुटलेला मी क्वचितच पाहिला आहे. या प्लेटसाठी मी १,८०० रुपये दिले आणि मशीनवर केलेल्या सगळ्या खर्चात ते सर्वांत सार्थकी लागले.

सुयांची कथा इतकी सुखाची नाही. साध्या एकसुई मशीनला लागणाऱ्या सुया शहरात कोठेही मिळतात. या मशीनला डीपी बाय फाइव्ह जातीच्या, आणि जाळीसाठी त्यातही गोल टोकाच्या सुया लागतात. गोल टोक धाग्यांना बाजूला सारून आत शिरते, तर टोकदार सुई धागा कापत जाते. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या गडबडीत बाहेरगावच्या एका विक्रेत्याने पाकिटावर क्रमांक बरोबर, पण टोक साधे अशा सुया पाठवल्या आणि आम्ही न पाहता त्या वापरल्या. शिवताना काहीच कळले नाही. तीन-चार धुण्यांनंतर दोन ग्राहकांकडून नग परत आले. इलॅस्टिकच्या कडेने जाळीवर टाचणीने टोचल्यासारखी भोकांची ओळ उमटली होती आणि एका ठिकाणी ती भोके एकमेकांना मिळून बोटभर फट पडली होती. त्या पाकिटातून शिवलेले एकवीस नग मी बदलून दिले. विक्रेत्याने सुया परत घेतल्या, नगांचा विषय काढला नाही. तेव्हापासून नवे पाकीट आले की एक सुई जुन्या नायलॉनच्या मोज्यातून काढून पाहतो: गोल टोक धागा न अडकता पार होते, टोकदार अडकते.

आता ज्या गोष्टीमुळे हे मशीन मोठ्या कारखान्यापेक्षा माझ्यासारख्या लहान लेबलला अधिक अवघड जाते, ती सांगते. आम्ही अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असे नऊ घेर आणि प्रत्येक घेरात कटोरीची सहा मापे देतो. म्हणजे एका डिझाइनची चोपन्न मापे झाली. एवढा माल आधी शिवून ठेवणे मला परवडत नाही, त्यामुळे मागणी आली की शिवायचे, अशी पद्धत आहे. परिणामी एका दिवसात मशीनवर मऊ सुती होजिअरीचा नग येतो, मग चव्वेचाळीसच्या घेराचा जाड पॉवरनेटचा, मग लेसचा. कारखान्यात हे मशीन सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत एकच टीप मारत बसते. आमच्याकडे रुंदी, टाक्याची लांबी, फूटचा दाब आणि टेन्शन दिवसातून सात-आठ वेळा बदलते. रुंदीचा लिव्हर आणि साध्या झिगझॅगवरून थ्री-स्टेपवर जाण्याची चकती उत्तम आहे, दोन सेकंदांचे काम. फूटचा दाब मात्र वरच्या स्क्रूने अंदाजाने कमीजास्त करावा लागतो आणि त्यावर आकडे नाहीत. आम्ही त्या स्क्रूवर नखाच्या रंगाने तीन ठिपके दिले आहेत: लाल पॉवरनेटसाठी, गुलाबी होजिअरीसाठी, पांढरा लेससाठी. ज्या कंपनीने एवढे अचूक शटल घडवले, तिला तेथे चार रेघा मारायला काय हरकत होती, हे मला समजलेले नाही.

सरळ टिपेसाठी हे मशीन वापरू नये. रुंदी शून्यावर आणून ती मारता येते, पण रुंद खाचेत कापड दबते आणि कटोरीच्या जोडावर, जिथे एका मिलिमीटरचा फरकही बाहेरून दिसतो, ती टीप वाकडी जाते. माझ्या तीन भागांच्या कटोरीच्या नगात बारीकसारीक धरून तीस-बत्तीस तुकडे असतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक जोड साध्या मशीनवरच होतात. त्यामुळे पहिलेच मशीन म्हणून हे घेणाऱ्यांनी दुसऱ्या मशीनचीही तजवीज ठेवावी.

तेल गळते. सुईच्या दांड्यावरून दिवसाला एखाददुसरा थेंब उतरतोच, आणि त्वचेच्या रंगाच्या सॅटीनवर तो पडला तर नग गेला असे समजावे. रोज सकाळी पहिली दहा मिनिटे चिंधीवर टीप मारायची आणि दांड्याला कापडाची छोटी चिंधी बांधून ठेवायची, एवढा आमचा उपाय आहे.

मोटारीविषयी एक स्थानिक सूचना. मशीनबरोबर आलेली क्लच मोटार बटण दाबल्यापासून काम असो वा नसो घरघरत राहते; मी ती सहा महिन्यांत काढून सर्व्हो मोटार बसवली, जी पायडल दाबले की फिरते आणि एरवी गप्प बसते. कमी वेगावर तिचा ताबा इतका चांगला आहे की इलॅस्टिकच्या वळणावर एकेक टाका मोजून टाकता येतो. मात्र ही मोटार आणि तिचा कंट्रोलर टेबलाच्या खाली, जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर असतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत शाहूपुरीच्या सखल भागात पाणी शिरले, आणि तळमजल्यावर शिवणखोली असणाऱ्यांना मशीनचे डोके कोरडे राहूनही मोटारी बदलाव्या लागल्या. मी जागाच वरच्या मजल्यावर घेतली ती याच कारणाने. ज्यांना तळमजल्याशिवाय पर्याय नाही, त्यांनी पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोहोचली की ४३ फुटांच्या धोक्याची वाट न पाहता मोटारीचे चार बोल्ट सोडवून ती माळ्यावर ठेवावी. डोके जड असते, त्याला दोन माणसे लागतात. मोटार एकट्या बाईला उचलता येते. विजेच्या कमीजास्त दाबाने माझा एक कंट्रोलर जळला, त्यानंतर स्टॅबिलायझर बसवला आणि पुन्हा तो प्रसंग आला नाही.

कोणी घ्यावे, याविषयी माझा हिशेब असा आहे. महिन्याला साठ-सत्तर नगांच्या पुढे काम असेल, मापांची विविधता ठेवायची असेल आणि दोन महिने शिकण्यात घालवायची तयारी असेल, तर हे मशीन घ्यावे, आणि स्वस्त नव्या नकलेपेक्षा चांगले वापरलेले जपानी घ्यावे. मी दोन्ही चालवून पाहिली. नव्या नकलेत रुंदीचा लिव्हर तासाभरात स्वतःच सरकत होता.

वापरलेले पाहायला जाताना विक्रेत्याच्या सुती चिंधीवर मारून दाखवलेल्या टिपेवर विश्वास ठेवू नये. आपले इलॅस्टिक, आपले पॉवरनेट, आपली गोल टोकाची सुई आणि एक फूटपट्टी बरोबर न्यावी. पाच मिलिमीटर रुंदीची थ्री-स्टेप टीप इलॅस्टिकवर मारून त्यातले बरोबर दहा सेंटिमीटर खडूने आखावे, पट्टीवर पंधरापर्यंत ताणावे आणि दोरा तुटतो का ते पाहावे. मग तुकडा उलटा करून खालच्या बाजूने बॉबीनचा दोराही तपासावा, कारण तुटतो तो बहुधा तिकडचा. ही परीक्षा मशीन सुरू केल्यावर लगेच एकदा आणि अर्धा तास चालवून तापल्यावर पुन्हा एकदा घ्यावी. मी नाकारलेल्या तीन मशीनपैकी दोन दुसऱ्या खेपेलाच नापास झाली.